कारणाचा रकाना

आमच्या भोरला शूटिंग लागलं की आता कुणी मान वर करून बघत नाही. नदीचा घाट, जुने चौक, मागे डोंगर आणि पुण्याहून पहाटे निघालेली गाडी नाश्त्याला पोचते, एवढ्या भांडवलावर आमच्या गावानं किती नायकांची लग्नं लावली आणि किती खलनायक नदीत बुडवले याची गणती नाही. गंमत अशी की या भागात सिनेमा काढणं जितकं सोपं, तितकंच तो दाखवणं अवघड. काढणारे येतात, काढतात आणि जातात. दाखवणाऱ्याला मात्र माझ्या टेबलावर यावं लागे.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधली बरीचशी वर्षं भोर आणि वेल्हे या दोन तहसील कचेऱ्यांत गेली. वेल्ह्याचं नाव आता कागदावर राजगड झालं आहे, पण एसटीत तिकीट काढताना तोंडातून वेल्हेच निघतं. दोन्ही कचेऱ्यांत करमणुकीचं म्हणून एक टेबल होतं आणि ते फिरून फिरून माझ्याच वाट्याला यायचं. पुढे करमणूक कर गेला, टेबलावरची पाटी गेली, परवाने मात्र राहिले. तमाशाचा फड, जत्रेतला पाळणा, तंबूतला सिनेमा, व्हिडिओची खोली. चार माणसांनी एकत्र बसून हसायचं ठरवलं की सरकारात एक फाईल उघडते, आणि ती बांधायचं काम माझं. घरी मिस्टर म्हणत, "जगाच्या करमणुकीला हिची परवानगी लागते आणि ही स्वतः कधी थेटरात पाऊल टाकत नाही." खरं होतं ते. मला सिनेमापेक्षा तो दाखवणाऱ्या माणसात जास्त रस. हा कशाला दाखवतोय, याच्या डोक्यात काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. कचेरीत मला मागून ‘चौकशीबाई’ म्हणत. गावाकडची माणसं मात्र ‘भाऊसाहेब म्याडम’ म्हणायची, कारण त्या खुर्चीतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पिढ्यान् पिढ्यांची सवय, आणि समोर बाई बसलीय हेही दिसत होतं. मग दोन्ही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पडदा टांगला, यंत्र लावलं, झाला सिनेमा. घरात घरच्यांना दाखवला तर झालाच. पण अनोळखी माणूस आत येऊन बसू शकतो अशी जागा झाली की तो जाहीर खेळ. मग जागेला परवाना कलेक्टरसाहेबांचा, सिनेमाला दाखला सेन्सॉरचा, आणि ज्याच्या मालकीचा सिनेमा त्याचं ‘खुशाल दाखवा’ असं पत्र. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक हटकून एक आणून तिन्हींचं काम भागवायला बघतात. जागेच्या परवान्यासाठी पोलीस, बांधकाम खातं, वीज निरीक्षक, आरोग्य खातं, ग्रामपंचायत, सगळ्यांचे ना-हरकत दाखले. शिवाय चावडीवर जाहीर नोटीस, की अमक्या जागेत अमका इसम सिनेमा दाखवणार, कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. हे सगळं जमलं की आमच्या कचेरीतून कुणीतरी जागेवर जाऊन मोजमाप करून अहवाल लिहायचा. ते कुणीतरी म्हणजे मी. कचेरीची लोखंडी टेप मी रुजू व्हायच्या आधीच कुणीतरी घरी नेली होती, म्हणून मी माझी शिवणाची टेप पर्समध्ये ठेवायचे. या दोन तालुक्यांतले कित्येक दरवाजे मी ब्लाउजाच्या टेपनं मोजले आहेत.

लोकांना सगळ्यात खटकायचा तो दाराचा नियम. खेळाच्या जागेचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. "भाऊसाहेब म्याडम, दार भाईर उघडलं तर लक्ष्मी आत कशी यायची?" मी सांगायचे, "लक्ष्मीसाठी पुढचं दार तसंच ठेवा. घाबरलेल्या माणसांसाठी मागं दुसरं करा." हे बहुतेकांना पटायचं, कारण लक्ष्मी आणि माणसं एका दारानं जात नाहीत हा अनुभव सगळ्यांच्याच गाठीला असतो.

पानशेतला धरणाकाठी एकानं हॉटेल टाकलं होतं. पुण्याचा, गोड बोलणारा. शनिवारी हिरवळीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचा. म्हणाला, "मॅडम, हे पब्लिक नाही, हे आमचे गेस्ट आहेत."

"ओळखीचे आहेत?"

"जेवायला बसले की ओळख होतेच."

"आणि सिनेमा कुणाचा?"

त्यानं मोबाईल काढून दाखवला. "दर महिन्याला पैसे भरतो मी याचे."

"ते तुमच्या घरात बघायचे. माझ्या घरी गॅसची शेगडी आहे म्हणून मी खानावळीची पाटी लावत नाही." हॉटेलवालाच तो, त्याला हे एका वाक्यात समजलं. गेला तो परत आलाच नाही. नंतर कळलं, त्यानं सिनेमा सोडून गाण्यांचे कार्यक्रम सुरू केले. लाऊडस्पीकरची परवानगी पोलिसांकडे, म्हणजे माझी पीडा परस्पर टळली.

दुसरे भोंगवलीकडच्या एका मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, "देवाचा शिनेमा हाय. देवाला कसला सेन्सॉर?" मी म्हटलं, "देवाला नाही लागत. देवाचं काम करणाऱ्या नटाला लागतो." ते म्हणाले, "ते बी खरंच. त्यो लई पितो म्हनं." आणि निमूटपणे फॉर्म घेऊन गेले.

हे झाले हसण्यावारी न्यायचे किस्से. एक मात्र असा आहे की तो आठवला की मला अजून ओशाळं वाटतं. नोकरीच्या सुरुवातीला एका जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाला एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली होती. कागदावर ‘माझी हरकत आहे’ एवढंच. कारण नाही. कारण नसलेली हरकत दप्तरी दाखल करून निकाली काढता येते, तसा नियमच आहे. मी शेरा मारला, ‘हरकत तथ्यहीन’, आणि तंबू उभा राहिला. पुढच्या वर्षी तो म्हातारा पेढे घेऊन कचेरीत आला. नातू वर्षाचा झाला होता. बोलता बोलता कळलं की तंबूचा जनरेटर त्याच्या घराच्या भिंतीला लागून होता आणि आत दहा दिवसांची बाळंतीण. "मग लिहिलं का नाही बाबा तुम्ही?" "बाईच्या बाळंतपणाचं कागदावर कसं लिवायचं? कुनी येऊन इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तं." मी पेढा तसाच टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून मी ठरवलं, हरकतीला कारण नसेल तर आपण जाऊन विचारायचं. कारण नसलेली हरकत नसते, सांगता न येणारं कारण असतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. नसरापुरावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, त्याचं नाव देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. मात्र हे सगळं लिहायची परवानगी मी जिची गोष्ट आहे तिच्याकडून रीतसर घेतलेली आहे. एवढी नोकरी करून बिनपरवाना लिहिलं असतं तर मला झोप लागली नसती.

त्या गावचे बबनराव. त्यांची भाताची गिरणी होती आणि एक टेम्पो. आसपास मोठ्या गिरण्या झाल्या तशी त्यांची बंद पडली. यंत्र विकलं, पत्र्याची शेड राहिली. तिथं चाळीसएक माणसं बसतील असा पडदा लावायचा त्यांचा अर्ज होता. मी नेहमीचं विचारलं, "कशासाठी?" धंद्यासाठी, करमणुकीसाठी, असं काहीतरी लिहून घ्यायचं असतं.

ते म्हणाले, "म्या शबूद दिलाय म्याडम. गावाला. पंचवीस वर्सं झाली."

झालं असं की पंचवीसएक वर्षांपूर्वी भोरला एका सिनेमाचं शूटिंग होतं. बाजारातल्या सीनला गर्दी हवी होती. बबनरावांनी टेम्पो भरभरून अख्खं गाव नेलं. बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे. परत येताना आनंदाच्या भरात बोलून गेले, शिनेमा आला की ह्याच टेम्पोनं सगळ्यांस्नी दावाया न्हेतो.

"पुन्यात लागला आन् आठवड्यात उतरला बी. मला कळंस्तवर ग्येलेला. आता त्या टेम्पोतली निम्मी मानसं न्हाईत. ऱ्हायलेली रोज इचारत्यात, बबनभाव, आमी दिसतो का रं त्यात? काय सांगू त्यास्नी? मला बी ठावं न्हाई."

त्यांनी खटपट करून त्या निर्मात्याचा मुलगा शोधला होता. त्या मुलानं ‘या एका सिनेमापुरतं आणि या एका जागेपुरतं’ असं पत्र दिलं होतं, पैसे न घेता. सेन्सॉरचा दाखला होताच. शेडच्या मागच्या भिंतीला दुसरं दार पाडलं होतं, बाहेर उघडणारं. एकामागून एक सगळे दाखले आले. चावडीवर नोटीस लागली. मुदत संपत आली तरी एकही हरकत आली नव्हती आणि मी मनातल्या मनात अहवालसुद्धा लिहून टाकला.

शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, साठीच्या पुढची एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. सडपातळ, नीटनेटकी, हातात घडी केलेला कागद. त्यांना मी इथं अनुसयाबाई म्हणते. अर्ज नसरापूरच्या झेरॉक्सवाल्यानं टाईप करून दिला होता. ‘सदर गिरणीत सिनेमा दाखवण्यास माझी हरकत आहे. हरकतीचे कारण’ आणि पुढे कोरं.

"कारण लिहायचं राहिलंय," मी म्हटलं.

"ऱ्हायलं न्हाई. लिवायचं न्हाई."

"निदान तोंडी सांगा."

"हरकत म्हंजी नको म्हननं न्हवं का? मग झालं की. शिक्का मारा आन् मला पोच द्या."

मी शिक्का मारला, पोच दिली. ती त्यांनी चोळीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

मी बबनरावांना विचारलं, तुमचं आणि यांचं काही वाकडं आहे का? बांधाची भांडणं, मानपान, गावकी? ते म्हणाले, "आमची भावकी बी न्हाई. गरीब बाय हाय. मालक मरून पंचवीस वर्सं व्हत आली, कष्ट करून पोराला मोठा केला. पोरगं शिरवळला कंपनीत हाय. ती कशाला हरकत घील?" त्यांचा चेहरा पडला. नियमानं मी ती हरकत तिथंच निकाली काढू शकत होते, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांनी तसं सुचवूनही पाहिलं. मला पेढेवाला म्हातारा आठवला.

स्थळपाहणीला गेले तर शेडसमोर ही गर्दी. गावाला वाटलं, म्याडम सिनेमाच घेऊन आल्यात. एका म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "माझी जांभळी साडी हुती. दिसती का त्यात?" आत अजून कोंड्याचा वास होता. बाकं मांडली होती, चुन्यानं भिंत रंगवून पडदा केला होता. मी दारं मोजली, वाटा मोजल्या, विस्तव विझवायच्या वाळूच्या बादल्या मोजल्या. अहवालात लिहायला वाईट असं काही सापडलं नाही. मग मी एकटीच अनुसयाबाईंच्या घरी गेले.

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी वही उघडली.

"लेखनी ठिवा," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

मी पेन बंद करून पर्समध्ये टाकलं. त्या चुलीकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"आमच्या मालकांनी बजावलं हुतं, त्या नाचगान्याच्या लोकांत जायचं न्हाई. त्या दिशी ते सातबारा काढाया भोरला ग्येले. मी सगळ्या बायांच्या मागनं टेम्पोत बसले. म्हनलं, ते कचेरीत, आमी बाजारात. आन् कचेरीत ग्येलेला मानूस सांजच्याला मोकळा व्हतो, ते तुमास्नी ठावंच हाय."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

"बाजाराचं झालं. टेम्पोची पैली फेरी ग्येली. मी दुसरीला थांबले हुते. तवा शुटिंगवाल्यांतली एक बाई आली, म्हनली घाटावर अजून काम हाय, बाया कमी पडत्यात, येती का? ग्येले. तर मयताचा शीन हुता. माझ्या हातात पांढरं लुगडं दिलं. म्हनली, बांगड्या काढ, कुकू पूस. मी न्हाई म्हनले. तर म्हनली, अगं खोटं खोटंच हाय. साबन लावून बांगड्या काढल्या, दोन फुटल्या. कुकू तिनंच पुसलं, वल्या कापसानं. म्होरं बाप्ये मयत घिऊन चालले, मागनं आमी रडत. सगळी त्यांची मानसं, वळखीचं कुनी न्हाई. रडायचं बी खोटंच हुतं, पर मला खरंच रडू आलं."

चहा उतू जायला आला तो त्यांनी उतरवला.

"घरी आले ते पदराखाली हात घिऊनच. घाईनं कुकू लावलं, पर हात मोकळे. मालक आले. म्हनले, सातबारा न्हाई मिळाला. आन् पिशवीतनं डझनभर हिरव्या बांगड्या काढून माझ्या म्होरं ठिवल्या. म्हनले, घाल. कवा आनत न्हवते. मी का म्हनून इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. मला वाटलं देवानं झाकलं. पर देव झाकत नसतो. फुडल्या भाताला त्यांना कावीळ झाली. भात उभं ऱ्हायलं आन् ते ग्येले. त्याच बांगड्या फोडल्या माझ्या."

मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मी आदीच पुसलं हुतं म्याडम. ते जित्ते असताना. ह्ये कुनाला ठावं न्हाई. आता समदं गाव बघनार. माझा पोरगा बघनार. म्हनंल, आये, तू आदीच पुसलंस?"

‘असं काही नसतं हो’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते त्यांना कुणीही सांगितलं असतं, आणि म्हणूनच त्यांनी इतकी वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. मी गिळलं ते वाक्य. खरं सांगायचं तर माझंच काळीज हललं होतं.

आता माझ्यापुढं पेच. हे कागदावर लिहायचं नाही असा शब्द दिलेला. बबनरावांना सांगायचं नाही. तेवढा तुकडा कापा म्हणावं, तर सेन्सॉरनं पास केलेल्या सिनेमातला एक इंचही आपल्या मर्जीनं काढता येत नाही, तो गुन्हा आहे. दुसरा सिनेमा लावा म्हणावं, तर पत्र या एकाचंच, आणि सगळं गाव वाट बघतंय ते याच्यासाठी. हरकत फेटाळली तर ही बाई गावात मान वर करून चालणार नाही. हरकत मान्य केली तर बबनरावांच्या टेम्पोतली उरलेली माणसंही न बघता जाणार. इतकी वर्षं दारं मोजली, पण दोन्हीकडून आत उघडणारं दार हे पहिलंच.

तेव्हा माझा जुना रोग कामाला आला. मी विचारलं, "तुम्ही तो सिनेमा बघितलाय का?"

"न्हाई. मी कुठं बघनार?"

"मग तुम्ही त्यात आहात हे कशावरून? ते लोक ढीगभर काढतात आणि मूठभर ठेवतात. आधी बघू तर खरं."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठून चप्पल घातली.

बबनरावांना मी सांगितलं, सिनेमाचं यंत्र चालवून दाखवा, पाहणीत ते लागतं. आणि अनुसयाबाईंची हरकत आवाजाबद्दल असू शकते, म्हणून त्या आत थांबतील. ते लॅपटॉप जोडून सिनेमा सुरू करायला लागले तसं म्हटलं, "तुम्ही पार रस्त्यावर उभे राहा आणि आवाज कुठवर येतो ते बघा. मी बोलावल्याशिवाय आत येऊ नका." सरकारी माणसानं गंभीर तोंडानं सांगितलं की लोक काहीही करतात. दोन बायकांनी बसून बघितलं तर तो जाहीर खेळ होत नाही, असा मी त्या दुपारी कायद्याचा अर्थ लावला.

खिडक्यांना पोती लावली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके भिंतीवर पडत होते. मी लॅपटॉप पुढे पुढे सरकवत बाजारापाशी आणला. आणि भिंतीवर अख्खं गाव आलं. अनुसयाबाई बाकाच्या कडेला टेकून बोटानं दाखवायला लागल्या. "ही पारूबाय, ग्येली. ह्यो तुकाराम, ग्येला. अगं बया, ही बघा जांभळी साडी! दिसती की ती!" क्षणभर त्या आपण कशाला आलोय ते विसरल्या आणि हसल्या.

मग घाट आला. पुढे नायक हातात मडकं घेऊन, मागे तिरडी, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि पार मागे पांढऱ्या लुगड्यातल्या पाचसहा बाया. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ती कडंची. मी." चेहरा पदरात, त्यात कॅमेरा सगळा नायकावर, मागचं सारं पुसट. त्यांनी सांगितलं नसतं तर मला काय, त्यांच्या मुलालाही ओळखता आलं नसतं. मी म्हणणारच होते, बघा, काही कळत नाही कुणाला.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "मागं घ्या. हितं. थांबवा."

त्या बायांकडे बघतच नव्हत्या. तिरडीच्या डाव्या बाजूला माणसांची रांग होती. सगळ्यांच्या माना खाली. त्यांतला चौथा, पांढरी टोपी, बगलेत कापडी पिशवी, तेवढा मान वळवून मागे बघत होता. मागे, बायांच्या कडेला. आणि उपरण्याचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

"आमचे मालक," त्या म्हणाल्या.

भोरच्या रस्त्यात दिसेल त्याला शूटिंगवाले गर्दीत ओढतात, हे मी इतकी वर्षं बघितलेलं. सातबारा न मिळालेला माणूस त्यांना आयताच सापडला असणार. ज्यानं बायकोला बजावलं होतं, तोच तिरडीच्या बाजूनं चालत होता.

"परत लावा."

परत लावलं. तो चालतो, मान वळवतो, बघतो, उपरणं तोंडावर दाबतो. खांदे हलतात.

"रडतायत का?" मी हळूच विचारलं.

"रडत्यात कुठले? हसत्यात! ह्यांना हसू आवरत नसलं की आसंच करायचे. लगनात बी आसंच केलं हुतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून बबनराव ओरडले, "म्याडम, चावडीपतुर काय बी ऐकू येत न्हाई!" मी ओरडून सांगितलं, "तिथंच थांबा!"

आणखी तीन वेळा लावलं. मग त्या आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "म्हंजी ह्यांनी बघितलं हुतं. घाटावरनं निघून आदी कासाराकडं ग्येले, मग घरी आले." आणि मग, "ठावं असून हसले. तवा मलाच कशाला पाप वाटायचं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ताठ बसल्या आणि माझ्या पर्सकडे बोट दाखवलं.

"आता घ्या लेखनी."

हरकत मागे घेण्याचा वेगळा जबाब असतो, आणि त्यातही कारणाचा रकाना असतो. मी त्यांना सांगितलं, कोरा ठेवला तरी चालेल. त्या म्हणाल्या, "न्हाई, ह्यो भरा. लिवा, आमच्या मालकांची हरकत न्हवती."

मी तसंच लिहिलं. खाली त्यांनी सावकाश सही केली आणि दार ढकलून बबनरावांना हाक मारली.

फाईल वर गेली. आठवडाभरानं प्रांत कार्यालयातून साहेबांचा फोन आला. अहवाल चांगला आहे, म्हणाले, पण या जबाबात मालक म्हणून कुणी इसम आहे. हे कोण? त्यांचा जबाब जोडलेला दिसत नाही.

मी म्हटलं, "साहेब, त्यांचा जबाब सिनेमात आहे. परवाना द्या, मग तुम्हालाही बघता येईल."